डोक्यावर परिणाम, पण कशाचा?

आमच्या नात्यात एक मावशी होत्या. लग्नात, बारशात त्यांचा विषय निघाला की कुणीतरी आवाज खाली आणून म्हणायचं, "त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय." बस्स, विषय संपला. मग भात वाढा, ताक आणा.

लहानपणी मला ते वाक्य पूर्ण वाटायचं. आता त्यातलं व्याकरण खटकतं. परिणाम नेहमी कशाचा तरी होतो. अवकाळी पावसाचा पिकावर होतो, औषधाचा आजारावर होतो. मग मावशींच्या डोक्यावर झाला तो कशाचा? सोळाव्या वर्षी लग्न, पाच बाळंतपणं, त्यातली दोन मुलं दगावलेली, आणि अख्ख्या घरात एकटीनं बसायला एक कोपरा नाही. हे सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते एका बाजूला आणि 'डोकं' दुसऱ्या बाजूला. दोन्ही जोडून पाहायचं कुणाला सुचलं नाही.

आज आपण सहज म्हणतो, "माझी थेरपिस्ट म्हणाली की..." हे म्हणता येण्यामागे बराच झगडा आहे. बाईच्या मनावर उपचार करणारे पुरुष, त्यांचं न ऐकणाऱ्या रुग्ण बायका, आणि पुढे स्वतःच डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ झालेल्या बायका यांचा तो झगडा. त्याच्या मुळाशी हा एवढासाच प्रश्न आहे: परिणाम, पण कशाचा?

फिलाडेल्फियातली दोन औषधं

१८८७ च्या वसंतात सव्वीस वर्षांची एक बाई फिलाडेल्फियाला एका नामांकित डॉक्टरकडे गेली. नाव शार्लट पर्किन्स स्टेट्सन; पुढे जग तिला शार्लट पर्किन्स गिलमन म्हणून ओळखू लागलं. घरी दोन वर्षांची मुलगी. बाळंतपणापासून शार्लटचं रडणं थांबत नव्हतं, कशातच जीव लागत नव्हता. आज आपण याला प्रसूतीनंतरचं नैराश्य म्हणू.

डॉक्टर होते सायलस वियर मिचेल. माणूस साधासुधा नव्हता. अमेरिकेच्या यादवी युद्धात हात-पाय गमावलेल्या सैनिकांना तुटलेल्या अवयवातही वेदना होतात, हे त्यांनी नोंदवलं होतं. बायकांचं दुखणं म्हणजे निव्वळ नाटक, असं समजणाऱ्यांतलेही ते नव्हते. त्यांचा उपचार प्रसिद्ध होता, 'विश्रांती उपचार'. सहा ते आठ आठवडे बाईनं अंथरुणावर पडून राहायचं. घरच्यांची भेट नाही, वाचन नाही, लेखन नाही. भरपूर दूध आणि खाणं, अंगाला मालिश, स्नायूंना विजेचे हलके झटके. वजन वाढलं की बाई बरी झाली.

शार्लटला त्यांनी महिनाभर ठेवून घरी पाठवलं. सोबत जो सल्ला दिला तो तिनं पुढे लिहून ठेवला आहे. त्याचा मथितार्थ असा: घरातच रमायचं, मूल सतत जवळ ठेवायचं, जेवणानंतर पडायचं, बुद्धीचं काम दिवसातून दोन तास, आणि लेखणी-कुंचला आयुष्यात पुन्हा हातात धरायचा नाही. तिनं काही महिने हा सल्ला इमानेइतबारे पाळला आणि वेड लागायच्या काठाशी जाऊन पोचली. तिथून ती परतली ती सल्ला झुगारूनच. नवऱ्यापासून वेगळी झाली, कॅलिफोर्नियाला गेली, लिहू लागली. १८९२ मध्ये तिची 'द यलो वॉलपेपर' ही कथा छापून आली. एका खोलीत विश्रांतीसाठी ठेवलेल्या बाईला भिंतीवरच्या पिवळ्या कागदामागे कोंडलेली दुसरी बाई दिसू लागते, अशी ती कथा.

याच मिचेलसाहेबांकडे १८८५ मध्ये ओवेन विस्टर नावाचा तरुण आला होता. त्याचंही मन थाऱ्यावर नव्हतं. त्याला त्यांनी अंथरुणावर झोपवलं नाही. पश्चिमेला वायोमिंगच्या मोकळ्या माळावर पाठवलं: घोड्यावर बस, शिकार कर, उघड्यावर झोप. विस्टर बरा झाला आणि त्या अनुभवावर पुढे 'द व्हर्जिनियन' ही गाजलेली कादंबरी लिहिली. दुखणं मिळतंजुळतं, डॉक्टर तोच. एकाला माळरान, दुसरीला खाट.

या गोष्टीत आपल्या ओळखीचं एक नाव जवळूनच जातं. शार्लट फिलाडेल्फियाला येण्याच्या वर्षभर आधी, मार्च १८८६ मध्ये, त्याच शहरातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या. त्याच कॉलेजातून १८६४ मध्ये बाहेर पडलेल्या एका विद्यार्थिनीनं या वादात मोठं काम करून ठेवलं होतं. तिचं नाव मेरी पुटनम जेकोबी.

हार्वर्डच्या एडवर्ड क्लार्क या डॉक्टरनं १८७३ मध्ये एक पुस्तक लिहून बजावलं होतं की मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर मेंदू सगळी शक्ती ओढून घेतो आणि गर्भाशय सुकतं; निदान पाळीच्या दिवसांत तरी त्यांना वह्या-पुस्तकांपासून दूर ठेवा. जेकोबीनं भावनिक उत्तर दिलं नाही. तिनं प्रश्नावली काढली आणि अडीचशेहून जास्त बायकांकडून त्यांच्या पाळीविषयी, कामाविषयी, दुखण्याविषयी माहिती गोळा केली. नाडी, तापमान, स्नायूंची ताकद मोजली. निष्कर्ष असा की पाळीत सक्तीच्या विश्रांतीची गरज दाखवणारा काहीही आधार नाही. या निबंधाला १८७६ चं बॉयल्स्टन पारितोषिक मिळालं, आणि तेही हार्वर्डचंच. निबंध निनावी पाठवायचे असत, त्यामुळे लेखक बाई आहे हे परीक्षकांना आधी कळायचं कारण नव्हतं.

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शार्लट पुन्हा खचली, तेव्हा ती याच जेकोबीकडे गेली. जेकोबीचं औषध उलटं होतं: मेंदूला थोडं थोडं, पण रोज काम द्यायचं. शार्लटला त्याचा उपयोग झाला. पहिल्या डॉक्टरनं तिला काय करू द्यायचं नाही ते ठरवलं होतं. दुसरीनं तिला काय करायला आवडतं, तिथून सुरुवात केली.

'बोलण्याचा उपचार' हे नाव कुणी ठेवलं?

त्याच काळात व्हिएन्नात बायकांच्या दुखण्याला 'हिस्टेरिया' म्हणत. या शब्दाचं मूळ ग्रीक भाषेतल्या गर्भाशयात आहे. हात लुळा पडला, वाचा गेली, खोकला थांबेना, की हिस्टेरिया. योसेफ ब्रॉयर नावाच्या डॉक्टरकडे १८८० ते १८८२ या काळात एक तरुणी होती. पुस्तकात तिचं नाव 'आना ओ.' असं आहे. ती बोलत जाई तसतशी तिची लक्षणं सैल होत. या प्रकाराला 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनंच दिलं. म्हणजे आज जगभर जी पद्धत चालते, तिचं बारसं एका रुग्ण बाईनं केलेलं आहे.

तिचं खरं नाव बेर्था पापेनहाइम. पुढे तिनं काय केलं हे मानसशास्त्राच्या वर्गात क्वचितच सांगतात. मेरी वोलस्टनक्राफ्टचा स्त्रियांच्या हक्कांवरचा ग्रंथ तिनं १८९९ मध्ये जर्मन भाषेत आणला. १९०४ मध्ये जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली. मुलींच्या देहविक्रयाविरुद्ध आयुष्यभर लढली. खाटेवरून उठलेली बाई थेट सार्वजनिक कामात गेली.

दुसरी मुलगी 'डोरा', म्हणजे ईडा बाउअर. १९०० साली अठराव्या वर्षी तिला वडिलांनी सिग्मंड फ्रॉइडकडे आणलं. वडिलांच्या एका मित्रानं तिच्याशी लगट केली होती, पहिल्यांदा ती जेमतेम चौदाची असताना. त्याच मित्राच्या बायकोशी वडिलांचे संबंध होते. मुलीनं तक्रार केली तर मित्र म्हणाला, हिचं डोकं भलतीकडे चालतं. वडिलांनी मित्राची बाजू घेतली. फ्रॉइडनी मात्र मुलगी खरं बोलते हे मान्य केलं. इथपर्यंत ते काळाच्या पुढे होते. पण मग त्यांनी प्रश्न उलटा फिरवला: हिला त्या माणसाची किळस का आली? निरोगी मुलीला तर सुखद वाटायला हवं होतं! किळस हेच आजाराचं लक्षण ठरलं. अकरा आठवडे ऐकून घेऊन ३१ डिसेंबर १९०० ला डोरानं उपचार सोडून दिला. फ्रॉइडना ते अपयश वाटलं. आज वाचताना ते त्या मुलीच्या शहाणपणाचं लक्षण वाटतं.

फ्रॉइडच्याच परंपरेतल्या कारेन हॉर्नाय यांनी १९२० च्या दशकात आतून सुरुंग लावला. मुलींना म्हणे पुरुषाच्या अवयवाचा हेवा वाटतो. हॉर्नाय म्हणाल्या, हेवा असलाच तर पुरुषाला मिळणाऱ्या मोकळीकीचा असेल. आणि बाईच्या जन्म देण्याच्या क्षमतेचा पुरुषांना वाटणारा हेवा कुणी मोजला आहे का?

चूल आणि मूल, विज्ञान म्हणून

आता थेट १९६८ मध्ये येऊ. नेओमी वाइस्टाइन ही हार्वर्डची पीएचडी. शिकत असताना तिला प्रयोगाचं यंत्र वापरू दिलं नव्हतं. कारण काय, तर ती ते मोडेल. मुलगे दर आठवड्याला मोडत होते, ते चालत होतं. याच वाइस्टाइननं एक निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात एक जर्मन म्हण होती: बाईचं जग म्हणजे मुलं, स्वयंपाकघर आणि चर्च. आपल्याकडे 'चूल आणि मूल' म्हणतात, तेच. निबंधाचं म्हणणं सरळ होतं: मानसशास्त्राला बाई काय आहे, तिला काय हवं आहे, हे मुळीच माहीत नाही, कारण ते तिच्या भोवतालाकडे बघतच नाही.

पुरावा म्हणून तिनं उंदरांचा प्रयोग पुढे ठेवला. रॉबर्ट रोझेन्थाल या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना सारखेच उंदीर वाटले, पण अर्ध्यांना सांगितलं की तुमचे हुशार आहेत, अर्ध्यांना सांगितलं की तुमचे मठ्ठ. 'हुशार' उंदीर खरोखरच लवकर शिकले. बघणाऱ्याच्या अपेक्षेनं उंदीर बदलत असेल, तर जन्मापासून 'तू नाजूक, तू हळवी' ऐकणाऱ्या मुलीचं काय होत असेल?

दोन वर्षांनी, १९७० मध्ये, आकडे हातात आले. इंगे ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी ७९ मानसोपचार व्यावसायिकांना विचारलं. एका गटाला: निरोगी पुरुष कसा असतो? दुसऱ्याला: निरोगी स्त्री कशी? तिसऱ्याला: निरोगी प्रौढ माणूस कसा? निरोगी माणूस आणि निरोगी पुरुष यांची वर्णनं जवळजवळ सारखी आली. निरोगी स्त्री मात्र जास्त नमती, कमी स्वतंत्र, चटकन हळवी होणारी, क्षुल्लक गोष्टीनं बावरणारी. ही उत्तरं देणाऱ्यांत ३३ बायकाही होत्या, आणि त्यांची उत्तरं पुरुषांपेक्षा वेगळी नव्हती.

यातला पेच बघा. बाई नमती राहिली तर निरोगी माणूस म्हणून नापास. ताठ राहिली तर निरोगी बाई म्हणून नापास. कशीही वागली तरी फाईल तयार.

त्याच वर्षी मायामीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात फिलिस चेस्लर ही तरुण मानसशास्त्रज्ञ व्यासपीठावर गेली आणि तिनं दहा लाख डॉलरची भरपाई मागितली. कुणासाठी? या व्यवसायानं ज्यांना बरं करण्याऐवजी कोंडलं, गप्प केलं, गुंगीत ठेवलं, त्या बायकांसाठी. सभागृह हसलं. चेस्लर घरी गेली आणि लिहायला बसली. १९७२ मध्ये 'विमेन अँड मॅडनेस' आलं, तेव्हा हसणं जरा कमी झालं.

चेस्लरनं पुन्हा उजेडात आणलेली एक गोष्ट एलिझाबेथ पॅकार्डची आहे. इलिनॉयमधल्या या बाईचं धर्माविषयीचं मत पाद्री नवऱ्यापेक्षा वेगळं होतं. त्या राज्यात नवऱ्याच्या सांगण्यावरून बायकोला वेड्यांच्या इस्पितळात टाकता येत असे, कोर्टात सिद्ध करायची गरज नव्हती. १८६० मध्ये त्यानं तिला टाकलं. तीन वर्षांनी ती बाहेर आली, खटला उभा राहिला, आणि पंचांनी सात मिनिटांत तिला शहाणी ठरवलं. तीन वर्षं कोंडलेल्या बाईचा सात मिनिटांत निकाल.

गोल करून बसलेल्या बायका

टीका झाली, पण पर्याय काय? तो कुठल्या विद्यापीठातून आला नाही. तो लोकांच्या बैठकीच्या खोल्यांतून आला. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बायका छोट्या गटांत गोल करून बसू लागल्या. प्रत्येकीनं आळीपाळीनं स्वतःचं सांगायचं: गर्भपात, नवरा, पगार, झोप. ऐकता ऐकता लक्षात यायचं, अरे, हे माझं एकटीचं नाही.

'जे खासगी, तेच राजकीय' ही घोषणा तुम्ही टी-शर्टवर पाहिली असेल. ती ज्या लेखामुळे पसरली, तो कॅरल हॅनिशचा १९६९ मधला लेख याच वादातून जन्मला. चळवळीतले लोक या गटांना हिणवत होते की हे राजकारण नाही, ही तर थेरपी. हॅनिशचं उत्तर होतं: थेरपी म्हणजे कुणीतरी आजारी आहे आणि तिनं स्वतःला बदलायचं आहे असं गृहीत धरणं, आम्हाला परिस्थिती बदलायची आहे. म्हणजे स्त्रीवाद आणि थेरपी यांचं नातं सुरुवातीपासूनच संशयाचं आहे. तो संशय आजही उपयोगी पडतो.

कारण प्रश्न राहतोच. परिस्थिती बदलेपर्यंत रात्री तीन वाजता छातीत धडधडतं त्याचं काय करायचं? म्हणून काही जणींनी थेरपी सोडून दिली नाही, ती बदलायला घेतली. लंडनमध्ये सूझी ऑर्बाक आणि लुईझ आयकेनबाउम यांनी १९७६ मध्ये विमेन्स थेरपी सेंटर सुरू केलं. त्याच वर्षी अमेरिकेत जीन बेकर मिलर यांनी मांडलं की इतरांची काळजी घेणं, नाती जपणं ही बाईची दुर्बलता नाही. ती क्षमता आहे, फक्त तिची किंमत कुणी देत नाही.

खोलीच्या आत काय बदललं? थेरपिस्ट सर्वज्ञ नाही, हे आधीच कबूल केलं जाऊ लागलं. फी, पद्धत, निदान यांवर उघड बोलणं होऊ लागलं. राग हे लक्षण नसून माहिती आहे, असं धरलं जाऊ लागलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक प्रश्न बदलला. 'तुला काय होतंय?' याच्या जोडीला 'तुझ्यासोबत काय झालंय?' हा प्रश्न आला.

हा मार्ग सरळ नव्हता. गोल करून बसलेल्या बायका बहुतेक गोऱ्या, शिकलेल्या होत्या. ज्या गिलमनला आपण वर नायिका केलं, तिच्या इतर लेखनात वंशश्रेष्ठत्वाचा विखार आहे. बेल हुक्स यांनी १९९३ मध्ये काळ्या स्त्रियांच्या मनःस्वास्थ्यावर वेगळं पुस्तक लिहिलं ते याच पोकळीमुळे.

आणि झगडा संपलेलाही नव्हता. १९८५ च्या सुमारास अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदानसंहितेत नवा विकार घालायचं ठरवलं: दुःखात राहणं ओढवून घेणारं व्यक्तिमत्त्व. मारहाण करणारा नवरा न सोडणारी बाई यात नेमकी बसली असती. लेनोर वॉकर यांच्यासारख्या, मारहाण सोसलेल्या बायकांवर काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं: जाऊन राहायला जागा नाही, हातात पैसा नाही, निघाली तर जिवाला धोका. याला व्यक्तिमत्त्वातला दोष म्हणायचं? १९८७ च्या आवृत्तीत तो विकार मुख्य यादीत न जाता परिशिष्टात गेला, १९९४ मध्ये तिथूनही गेला.

वांद्र्याच्या इस्पितळातली खोली

आपल्याकडे हे सगळं तसंच्या तसं आलं नाही, येणारही नव्हतं. इथे थेरपीची खोली परवडणाऱ्या बायका मूठभर. पण बाई एका ठिकाणी जातेच: सरकारी दवाखान्यात. पडले म्हणून, भाजले म्हणून, चुकून काहीतरी प्यायले म्हणून. डॉक्टर टाके घालतो, गोळ्या देतो, घरी पाठवतो. त्याच घरी.

मुंबई महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. कल्पना साधी: परिचारिकेला आणि डॉक्टरला खुणा ओळखायला शिकवायचं, आणि 'कशी पडलात?' यापुढे एक प्रश्न विचारायला शिकवायचं. मग समुपदेशक बाईशी एकांतात बोलते. पहिलं वाक्य असं की मारहाण झाली यात तुमचा दोष नाही. पुढे बोलणं व्यवहाराचं: पुन्हा झालं तर कुठे जायचं, कागदपत्रं कुठे ठेवायची, पोलिसांत काय सांगायचं. 'थोडं जमवून घ्या' हे वाक्य तिथे उपचार मानलं जात नाही. हे मॉडेल पुढे इतर रुग्णालयांतही गेलं.

पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर पुस्तक लिहिलं आणि बापू ट्रस्टचं काम उभं केलं. त्यांनी एक महत्त्वाचा फरक दाखवला: नैराश्य, चिंता यांसारख्या त्रासांत बायकांचं प्रमाण जास्त दिसतं, अगदी तीव्र मनोविकारांत मात्र तसा फरक दिसत नाही. बायकांचा मेंदूच कच्चा असता तर सगळीकडेच दिसला असता. महाराष्ट्रातल्या दर्ग्यांचाही त्यांनी अभ्यास केला. तिथे घुमणाऱ्या बाईकडे त्यांनी नुसती अंधश्रद्धा म्हणून पाहिलं नाही. घरात जिचं कुणी ऐकत नाही तिचं तिथे ऐकलं जातं, हेही त्यांना दिसलं.

याचा अर्थ गोळ्या घेऊ नयेत असा नाही. आजार खरे असतात आणि अनेकींना औषधानं उभं राहता येतं. प्रश्न एवढाच की गोळीच्या चिठ्ठीवर बाकीची हकिगत पुसली जाते का.

कायद्यानं एक गोष्ट आता स्पष्ट लिहिली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार केवळ समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांप्रमाणे वागत नाही, म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. एलिझाबेथ पॅकार्डच्या इस्पितळातल्या पहिल्या रात्रीपासून हे वाक्य कायद्यात यायला आपल्याला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

कायदा दवाखान्यापर्यंत पोचतो, लग्नाच्या पंगतीपर्यंत नाही. तिथे आपणच असतो. मागच्या वर्षी एका लग्नात पुन्हा ते वाक्य कानावर आलं, या वेळी एका चुलत बहिणीबद्दल. मी पान वाढणाऱ्या काकूंना विचारलं, "कशाचा?" त्या थांबल्या. हातातली वाटी खाली ठेवली. मग अर्धा तास त्या बोलत होत्या, आणि त्यातलं निम्मं बोलणं त्या बहिणीबद्दल नव्हतंच.